कोजागिरी ते कोजागिरी : गावातून चंद्राची वही कशी ठेवायची

आमच्याकडे शेतीची विजेची लाइन एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. हरभऱ्याच्या ओलिताची पाळी रात्रीवर आली की बाबा आधी आभाळाकडे पाहायचे आणि मग मोटर सुरू करायला निघायचे. "आज शुद्ध अष्टमी हाये, बारापर्यंत उजेड राहील, बॅटरी जपून वापर," असं सांगायचे. हे त्यांना कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं. जागलीच्या रात्रींनी शिकवलं होतं.

मी मात्र २०२४ च्या कोजागिरीला तोंडघशी पडलो. १६ ऑक्टोबरची रात्र. स्लॅबवर दूध आटत होतं आणि सगळ्यांच्या मोबाईलवर 'सुपरमून'चे, म्हणजे चंद्र पृथ्वीच्या जवळ असतानाच्या पौर्णिमेचे, फॉरवर्ड येत होते. चुलत भावाच्या पोरीनं विचारलं, "काका, आज खरंच मोठा आहे का चंद्र?" मी बीएस्सी झालेला माणूस, पण उत्तर नव्हतं. मोठा म्हणजे कालच्यापेक्षा? मागच्या महिन्यापेक्षा? कोणी मोजलाय? त्या रात्री वही सुरू केली आणि पुढची कोजागिरी ओलांडून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत चालवली. पहिले तीन महिने चुकांमध्येच गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

आधी सामान जमवा

दुर्बीण लागत नाही. लागतं ते एवढंच :

- दोनशे पानी वही आणि दोरीनं बांधलेला पेन (न बांधलेला पेन अंधारात हरवतोच)
- तिथीची समाप्तीची वेळ छापलेलं भिंतीवरचं कॅलेंडर किंवा पंचांग
- शाळेत असते तशी लाकडी मीटरपट्टी
- जाड पुठ्ठा. जुनी लग्नपत्रिका उत्तम
- कागदाला भोक पाडायचं पंच मशीन, पाच मिनिटांपुरतं
- तुरीचे चार-पाच दाणे, एक संत्रं, एक बोर
- लाल जिलेटिन कागद गुंडाळलेली बॅटरी, म्हणजे नोंद लिहिताना डोळे दिपत नाहीत

मोबाईल असला तर बरं, नसला तरी अडत नाही. मोबाईलवर स्टेलेरियमसारखं ॲप टाकलं तर चंद्राचं त्या क्षणाचं अंतर किलोमीटरमध्ये दिसतं. पण आधी आपलं गाव त्यात नीट भरा. माझ्या ॲपमध्ये दोन आठवडे भलतंच शहर होतं.

१. जागा ठरवा आणि ती बदलू नका

पूर्व आणि पश्चिम दोन्ही मोकळ्या दिसतील अशी जागा हवी. गावात हे अवघड. माझ्या अंगणातून पूर्वेला कडुलिंब आडवा येतो, पश्चिमेला पाण्याची टाकी. शेवटी दोन जागा ठरवल्या: संध्याकाळच्या चंद्राला घराचा स्लॅब आणि उगवत्या चंद्राला वावराचा पूर्वेकडचा धुरा (बांध). धुऱ्यावर रात्री जात असाल तर पायात बूट घाला आणि हातात काठी ठेवा. रोही आणि डुकरं यांना तुमच्या वहीचं कौतुक नसतं.

२. कला आधी घरात समजून घ्या

आभाळात जायच्या आधी एक संध्याकाळ घरात घालवा. खोली अंधारी करून एकच बल्ब लावा, तो सूर्य. तुमचं डोकं म्हणजे पृथ्वी. संत्रं हातात धरून हात लांब करा, डोक्याच्या उंचीपेक्षा थोडं वर. आता बल्बकडे तोंड करून उभे राहा. संत्र्याची तुमच्याकडची बाजू अंधारी दिसेल: अमावस्या. मग हळूहळू डावीकडे वळा. उजव्या कडेला उजेडाची कोर येईल, पाव फेरीवर अर्धं संत्रं उजळेल: शुद्ध अष्टमी. बल्बकडे पाठ झाली की पूर्ण संत्रं: पौर्णिमा. आणखी पाव फेरी, आता डावी बाजू उजळ: वद्य अष्टमी.

चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं सांगणारे सुशिक्षित लोक तुम्हाला भेटतील. मलाही बारावीपर्यंत तसंच वाटायचं. पौर्णिमेच्या जागी उभे असताना संत्रं थोडं खाली आणा, म्हणजे तुमच्या डोक्याची सावली त्यावर पडेल. ते ग्रहण. कला म्हणजे उजळलेली अर्धी बाजू आपल्याला किती दिसते, एवढंच. सावलीचा संबंध फक्त ग्रहणाच्या रात्री.

आता वेळा. या चार ओळी वहीच्या पहिल्या पानावर लिहा :

- अमावस्या : सूर्यासोबत उगवतो, सूर्यासोबत मावळतो
- शुद्ध अष्टमी : दुपारी बाराच्या सुमारास उगवतो, मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो
- पौर्णिमा : सूर्यास्ताला उगवतो, सूर्योदयाला मावळतो
- वद्य अष्टमी : मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, दुपारी मावळतो

मधल्या तिथींसाठी जुना हिशेब सोपा आहे: एका तिथीला दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं. शुद्ध पंचमी असेल तर पाच गुणिले ४८, म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण चार तास चांदणं. वद्य चतुर्थीला सूर्यास्तानंतर तीन-सव्वातीन तासांनी चंद्र उगवतो. संकष्टीचा उपास सोडायला नऊ का वाजतात ते यातच आलं. हिशेब ढोबळ आहे. रोजचा उशीर कधी चाळीस मिनिटांचा, कधी तासाभराचा असतो, त्यामुळे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणारच. ओलिताच्या पाळीला तेवढं चालतं.

आणि हो, दिवसाचा चंद्र विसरू नका. पहिल्या महिन्यात मी फक्त रात्री पाहायचो, त्यामुळे वद्य पक्षातली निम्मी वही कोरी राहिली. वद्य दशमीचा चंद्र सकाळी सात-आठला, वावरात जाताना, डोक्यावर असतो. मान वर करायची, बस.

३. मुंबईच्या वेळेवर विसंबू नका

हा सापळा खास आपल्या विदर्भासाठी आहे. संपूर्ण देशाची घड्याळं एक असली तरी चंद्र पूर्वेला आधी उगवतो. कॅलेंडरवर ठळक छापलेली चंद्रोदयाची वेळ बहुतेक वेळा मुंबईची असते. एका रेखांशाला चार मिनिटं, या हिशेबानं बुलढाण्याला चंद्र सुमारे १३ मिनिटं आधी दिसतो, यवतमाळला २१, नागपूरला २५, आणि गडचिरोलीला जवळपास २८ मिनिटं. दोन महिने मी धुऱ्यावर वेळेत पोचूनही चंद्र आधीच वर आलेला असायचा, आणि मला वाटायचं की घड्याळ मागे पडलंय. तुमच्या कॅलेंडरात विदर्भातल्या शहरांचा वेगळा तक्ता असेल तर तोच पाहा.

४. नोंद कशी लिहायची

पानावर सात रकाने पुरे: तारीख, घड्याळाची वेळ, तिथी, चंद्राचा आकार (पेन्सिलनं चित्र), आभाळात कुठे, पट्टीवरचा आकडा, शेरा. चित्रात उजळ बाजू कोणती आणि कोरीची टोकं कुठे वळली आहेत ते दाखवा. आपल्याकडे फाल्गुनातली संध्याकाळची कोर जवळजवळ आडवी पडते, टोकं वर, होडीसारखी. हे चित्रातून नंतर लक्षात येतं. त्या क्षणी कोणी लक्ष देत नाही.

"मोठा दिसला", "खूप सुंदर" असले शब्द शेऱ्यात लिहू नका. माझ्या पहिल्या वीस पानांवर तेच आहेत आणि त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही.

५. तुरीच्या दाण्याची परीक्षा

हे करायला एक मिनिट लागतं, पण हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका. पौर्णिमेचा चंद्र उगवताना तांबूस, ताटाएवढा दिसतो. हात पूर्ण लांब करून चिमटीत तुरीचा अख्खा दाणा धरा, एक डोळा मिटा आणि चंद्रावर दाणा आणा. जवळपास झाकला जाईल. आता जेवून या, दहा-साडेदहाला चंद्र वर आला की पुन्हा तोच दाणा, तोच हात. तितकाच झाकला जाईल.

आमच्या आईला हे पटलं नव्हतं. "मघा केवढा होता, आता केवढासा झाला," म्हणाली. मग तिच्याच हातात दाणा दिला. दोनदा करून पाहिलं, काही बोलली नाही, तिसऱ्यांदा शेजारच्या काकूला बोलावून दाखवलं.

क्षितिजाजवळचा मोठेपणा हा आपल्या नजरेचा खेळ आहे. उलट खरं गणित असं की डोक्यावरचा चंद्र आपल्याला किंचित जवळ असतो. उगवताना आपण पृथ्वीच्या कडेवर असतो, डोक्यावर आला की पृथ्वीच्या जवळपास एका त्रिज्येनं, म्हणजे सहा हजारांवर किलोमीटरनं, त्याच्याकडे सरकलेलो असतो. तेव्हा डोळ्याच्या अंदाजावर 'सुपरमून' ठरवायचा नाही. त्यासाठीच पट्टी.

६. अंतर म्हणजे किती, ते संत्र्या-बोरानं पाहा

पृथ्वी सात सेंटिमीटरचं संत्रं धरली तर चंद्र जेमतेम दोन सेंटिमीटरचं बोर होतो. त्यांच्यात अंतर किती ठेवायचं? कोणालाही विचारा, एक वीत सांगेल. खरं उत्तर आहे दोन मीटरच्या आसपास, म्हणजे तीस संत्री ओळीनं लावली तर जेवढं होईल तेवढं.

चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. पण त्याची वाट गोल नसून किंचित लांबट आहे, त्यामुळे दर फेरीत तो एकदा जवळ येतो आणि एकदा लांब जातो. जवळचा टप्पा ३,५६,५०० ते ३,७०,००० किलोमीटरच्या दरम्यान कुठेही पडतो, लांबचा ४,०४,००० ते ४,०६,७०० च्या दरम्यान. आपल्या संत्र्याच्या मापात फार जवळ आला तर २८ संत्री, फार लांब गेला तर ३२. म्हणजे बोर एक हातभरसुद्धा सरकत नाही, एक वीत आणि वर थोडं, एवढंच. जवळचा टप्पा इतका बदलता असण्याचं कारण सूर्य: अमावस्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास हा टप्पा आला तर सूर्याच्या ओढीमुळे चंद्र आणखी आत येतो.

हे आकडे कोणी अंदाजानं दिलेले नाहीत. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर आरशांची पाटी ठेवली, तिच्यावर इथून लेसर मारून परत यायला लागलेला वेळ मोजतात. २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलेल्या आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही असाच एक छोटा परावर्तक आहे. याच मोजणीतून कळलं की चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर लांब जातोय. ते मात्र आपल्या पट्टीवर दिसणार नाही.

७. पट्टी आणि पुठ्ठा

आता मुख्य काम. पुठ्ठ्याला पंच मशीननं एक स्वच्छ भोक पाडा. ते साधारण सहा मिलिमीटरचं असतं. पुठ्ठ्याच्या खालच्या बाजूला मीटरपट्टी जेमतेम बसेल अशी खाच कापा, म्हणजे पुठ्ठा पट्टीवर उभा राहून मागेपुढे सरकेल. भोक पट्टीच्या वर दोन बोटं हवं.

पट्टीचं शून्याचं टोक डोळ्याखालच्या हाडाला टेकवा, दुसरं टोक चंद्राकडे. एक डोळा मिटा. भोकातून चंद्र पाहत पुठ्ठा सरकवा. फार जवळ असेल तर चंद्राभोवती आभाळाची कड दिसते, फार लांब गेला तर चंद्राची कड कापली जाते. जिथे भोक आणि चंद्र बरोब्बर एकमेकांत बसतात तिथला सेंटिमीटरचा आकडा वाचा. पाच वेळा करा, दोनदा जवळून लांब नेत, तीनदा लांबून जवळ आणत, आणि सरासरी लिहा.

मी हे पहिल्यांदा करत होतो तेव्हा रस्त्यानं जाणारा एक पोट्टा थांबून म्हणाला, "काय पाहून राहिले काका, भोकातून?" दुसऱ्या दिवशी अर्धी आळी पट्टीच्या मागे रांगेत होती. करू द्या सगळ्यांना, पण एका वहीत एकाच माणसाचे आकडे ठेवा.

इथले सापळे जरा सविस्तर सांगतो, कारण मी सगळ्यांत पडलोय.

पूर्ण अंधारात चंद्र डोळ्यात घुसतो आणि त्याच्या कडा पसरट दिसतात. संधिप्रकाशात मोजा, सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासात किंवा पहाटे. आभाळ निळसर असताना कड धारदार दिसते.

रोज तोच डोळा वापरा. चष्मा असेल तर रोज चष्म्यासकट.

चंद्र अर्धा किंवा कोर असला तरी मोजता येतो. कोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर हा पूर्ण चंद्राचाच व्यास असतो. ती टोकं भोकात बसवायची. फक्त द्वितीया-तृतीयेची बारीक कोर सोडा, तिच्यात टोकं नीट सापडत नाहीत.

सगळ्यात मोठा घोळ: गणितानं सहा मिलिमीटरच्या भोकाला जवळचा चंद्र साडेएकसष्ट सेंटिमीटरवर बसायला हवा आणि लांबचा सत्तरवर. माझा कोजागिरीचा आकडा आला ५९. मी चार नवे पुठ्ठे कापले, तरी ५९ च. शेवटी कळलं की डोळ्याच्या बाहुलीलाही रुंदी असते, आणि भोकाची कड त्यामुळे धूसर दिसते. शिवाय पंचचं भोक नेमकं सहाचं असेलच असं नाही. तुमचे सगळे आकडे एकाच बाजूला थोडे सरकलेले येतील. येऊ द्या. आपल्याला हवा तो दोन तारखांमधला फरक. म्हणूनच पुठ्ठा वर्षभर तोच वापरायचा. हरवला तर जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करू नका.

माझे आकडे सांगतो. कोजागिरी, १६ ऑक्टोबर २०२४: ५९ सेंटिमीटर. त्या रात्री चंद्र सुमारे ३,५७,००० किलोमीटरवर होता. म्हणजे माझ्या पट्टीवर एक सेंटिमीटर सुमारे सहा हजार किलोमीटरचा. हनुमान जयंती, १२ एप्रिल २०२५, चैत्र पौर्णिमा: ६७ सेंटिमीटर. गुणाकार केला तर चार लाख पाच हजार. ॲपमध्ये त्या रात्री चार लाख सहा हजारांच्या आसपास होतं. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर हजार किलोमीटरचा फरक! नशीबही होतं त्यात थोडं, कारण माझी एक-एक नोंद सहज सेंटिमीटरभर इकडेतिकडे असायची. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

८. पंचांगातून अंतर वाचा

हे मला आठ महिन्यांनी कळलं आणि आधी का नाही कळलं याची चुटपुट लागली. चंद्राचं अंतर तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर रोज छापलेलं असतं, फक्त दुसऱ्या भाषेत.

सूर्य आणि चंद्र यांच्यातलं कोनीय अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. चंद्र जवळ असतो तेव्हा जोरात पळतो, दिवसाला १५ अंशांपर्यंत. लांब असतो तेव्हा रेंगाळतो, १२ अंशांच्याही जरा आत. म्हणून चंद्र जवळ असताना तिथी लवकर संपते, अगदी वीस तासांच्या आसपास, आणि लांब असताना ती साडेसव्वीस तासांपर्यंत ताणते.

आता कॅलेंडर घ्या. समजा काल दशमी संध्याकाळी ५.२५ ला संपली आणि आज एकादशी दुपारी २.१० ला संपते. एकादशी २० तास ४५ मिनिटांची झाली. चंद्र जवळ आहे. दोन आठवड्यांनी हाच हिशेब करा, तिथी पंचवीस-सव्वीस तासांची भरेल. चंद्र लांब. महिनाभर रोज वजाबाकी करून आकडे आलेखावर मांडले तर लाट दिसते, आणि तिच्याखाली तुमचे पट्टीचे आकडे ठेवले तर दोन्ही लाटा सोबत चालतात.

क्षय तिथी आणि वृद्धी तिथी यांचंही कोडं यातच सुटतं. एका सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधीच संपली तर तिथीचा क्षय. दोन सूर्योदय खाल्ले तर वृद्धी. चोवीस तासांपेक्षा मोठी तिथीच दोन सूर्योदय गाठू शकते, म्हणून वृद्धी दिसली की चंद्र लांबच्या टप्प्याकडे आहे असं खुशाल समजा. आमच्या गावच्या गुरुजींनी यावर जुनं सूत्र सांगितलं: 'बाणवृद्धी रसक्षय'. बाण पाच, रस सहा. साठ घटकांची तिथी पाच घटका वाढते, सहा घटका घटते. आजचं वेधाशी, म्हणजे प्रत्यक्ष निरीक्षणाशी, जुळवलेलं गणित यापेक्षा जास्त चढउतार दाखवतं, पण ज्यांनी लेसरशिवाय हे ओळखलं त्यांच्यापुढे मी पुठ्ठा मिरवणं बंद केलं.

९. दोन चाकं वेगळी ठेवा

नवख्याचा सगळा गोंधळ इथे होतो. कलेचं चाक २९.५३ दिवसांचं: अमावस्येपासून अमावस्येपर्यंत. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई मांडायच्या आणि कोजागिरीला उठवायच्या, हे त्याचं एक वेटोळं. अंतराचं चाक २७.५५ दिवसांचं: जवळच्या टप्प्यापासून जवळच्या टप्प्यापर्यंत. दोघांचा एकमेकांशी करार नाही. शेजारच्या दोन गावांपैकी एकाचा बाजार दर सातव्या दिवशी आणि दुसऱ्याचा आठव्या दिवशी भरला, तर कधीतरीच दोन्ही एका दिवशी येतील, तसं.

हिशेब करा: १४ पौर्णिमा म्हणजे ४१३ दिवस, आणि जवळच्या टप्प्याच्या १५ फेऱ्या म्हणजेही ४१३ दिवस. म्हणजे जवळची पौर्णिमा पुन्हा यायला वर्ष आणि वर दीड महिना लागतो. म्हणून ती दर वर्षी पुढे सरकते. २०२४ मध्ये सगळ्यात जवळची पौर्णिमा कोजागिरीची होती. २०२५ मध्ये ती त्रिपुरी पौर्णिमेला, ५ नोव्हेंबरला आली, चंद्र ३,५७,००० किलोमीटरच्या किंचित आत; माझ्या पट्टीवर पुन्हा ५९. २०२६ मध्ये ती मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या सुमारास, २४ डिसेंबरला. लांबची पौर्णिमा साधारण सात महिने आधी किंवा नंतर असते: २०२६ साठी ३१ मे, अधिक ज्येष्ठातली. आणि पौर्णिमा लांब असते त्या दिवसांत अमावस्या जवळ असते, पण ती कोणाला दिसत नाही म्हणून तिचे फॉरवर्ड येत नाहीत.

फॉरवर्डवरून आठवलं. 'सुपरमून' हा शब्द १९७९ मध्ये रिचर्ड नोल या अमेरिकी फलज्योतिष्यानं आणला. "१४ टक्के मोठा, ३० टक्के तेजस्वी" हे वाक्य खोटं नाही, पण ती तुलना सगळ्यात लांबच्या पौर्णिमेशी आहे. नेहमीच्या पौर्णिमेच्या मानानं व्यास सात टक्क्यांच्या आसपासच जास्त. पट्टीशिवाय हे ओळखतो म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही. फोटोंचंही तेच: काही फोन चंद्र ओळखून चित्र स्वतःच सजवतात. फोटो काढायचाच तर झूम दर वेळी सारखा ठेवा, उजेड कमी करा आणि मोठेपणा फोटोतला चंद्र पट्टीनं मोजून ठरवा.

१०. वर्षाचा अंदाज

कार्तिक ते फाल्गुन आपला हंगाम. आभाळ कोरडं, आणि पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री डोक्यावर. २०२४ च्या मार्गशीर्षात तर तो डोक्यावरून पलीकडे, उत्तरेकडे झुकलेला दिसला. याचं कारण १८.६ वर्षांचं आणखी एक चाक, ज्यात त्या सुमारास चंद्र उत्तर-दक्षिण सगळ्यात जास्त फिरत होता. त्याच चाकामुळे ११ जून २०२५ ची ज्येष्ठ पौर्णिमा दक्षिणेला इतकी खाली होती की आमच्या गोठ्याच्या पत्र्यावरून चंद्र जेमतेम हातभर वर वाटत होता. हिवाळ्याची पौर्णिमा उंच आणि उन्हाळ्याची ठेंगणी, हे दर वर्षीचंच. त्या वर्षी टोकाचं.

चैत्र-वैशाखात धूळ फार, क्षितिजाजवळ मोजू नका. पण माणसं स्लॅबवरच झोपतात, त्यामुळे पहाटेच्या नोंदी आपोआप होतात.

आषाढ ते भाद्रपद धीर धरा. माझ्या वहीत पावसाळ्याच्या चार महिन्यांत अकरा नोंदी आहेत. ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास ग्रहण मी ढगांच्या फटीतून मिळून दहा मिनिटं पाहिलं असेल. अशा दिवशी पान कोरं सोडू नका, "ढग" लिहा, आणि तिथीच्या वेळांची वजाबाकी चालू ठेवा. तिला ढग लागत नाहीत.

एक हिशेब शेवटी जुळवायचा राहतो. कोजागिरी २०२४ ला १६ ऑक्टोबरला होती, २०२५ ला ६ ऑक्टोबरला. बारा चांद्रमास म्हणजे ३५४ दिवस, सौर वर्षापेक्षा सुमारे ११ कमी. हा तुटवडा साचत जातो आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना येऊन तो भरून काढतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे कोजागिरी एकदम ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गेली. म्हणून 'कोजागिरी ते कोजागिरी' वही ठेवणार असाल तर आधी मोजा, तुमचं वर्ष बारा पौर्णिमांचं आहे की तेरा. तेरांचं असेल तर दोनशे पानी वही पुरणार नाही. माझी बारांतच संपली होती आणि शेवटच्या नोंदी कापसाच्या वजनाच्या पावतीमागे लिहिल्या आहेत.